डोळे फुटणं

लव्हर्न टिडवेल दारूला शिवत नाही.
रविवारी बाप्टिस्ट चर्चात पुढून दुसरं बाक,
सोमवारी पहाटे अकरा एकर अलियानिकोच्या ओळी;
डोक्यावर नवऱ्याची टोपी, हातात स्वतःची कात्री.

ब्राऊनफील्डच्या पूर्वेला जमीन इतकी सपाट,
की पाहुण्याच्या गाडीची धूळ दिसल्यावर
पोहे भिजवायला घेतले तरी चालतं.
तांबडी रेती, हातभर खाली चुनखडीचा थर.
टेक्सासच्या या मातीला कापसाशिवाय
कुणी काही विचारलंच नव्हतं.

हा वेल दक्षिण इटलीचा,
ज्वालामुखीच्या राखेत पिढ्यान् पिढ्या मुरलेला.
नाव घेताना लव्हर्नची जीभ दर वेळी अडखळते,
म्हणून ती त्याला नुसतं ‘म्हातारा’ म्हणते.

मी सावळजची. इथल्या प्रयोगशाळेत
मण्यांच्या रसातली साखर मोजते, आम्ल मोजते.
माझ्याकडे या कामाचे शब्द आहेत,
इथं कुणाला न लागणारे:
ओलांडा, खुंट, विरळणी, मालकाडी.
एकदा तिनं विचारलं, तुमच्यात बडला काय म्हणतात?
डोळा, म्हटलं. काडीला डोळे असतात. वेळ आली की फुटतात.
आणि हेही सांगितलं, की माणसाचे डोळे फुटले तर तो आंधळा होतो,
वेलाचे फुटले तर त्याला दिसायला लागतं.
ती कात्री पुसत राहिली.
मग म्हणाली, एप्रिलमध्ये दोन्ही होतं.

एप्रिलच्या नवव्या रात्री पारा सत्तावीसवर उतरला.
ओळींच्या टोकांना जुन्या गवताचे गठ्ठे पेटवून
आम्ही पहाटेपर्यंत धूर राखत बसलो,
थर्मासमधली कॉफी संपली, नातवाची बडबड संपली.
सकाळी निम्मे डोळे काळे.
बोटानं दाबले की आतून मऊ.
उरलेल्यांना तिनं हात लावला नाही.
मी दृष्ट काढली असती, पण मीठमोहऱ्या
लबकच्या दुकानाशिवाय मिळत नाहीत.

मग जून. शेजारच्या कापसावर तणनाशक, वारा नैऋत्येचा.
आठवड्यात पानं आखडली,
शिरा जवळ आलेल्या,
मूठ मिटता मिटता कुणीतरी थांबल्यासारखी.
शेजारी म्हणजे विल्मर ग्रिग्ज,
चर्चात तिच्याच मागं बसणारा,
तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिलेला.
मी वकिलाचा नंबर लिहून दिला होता.
तिनं तो फ्रिजवर चिकटवला,
बागेतलं एक पान खुडलं,
आणि रविवारी विल्मर यायच्या आधी
त्याच्या भजनांच्या पुस्तकात ठेवलं,
त्या दिवशी गायच्या पानावर.
तो गायला की नाही, मला माहीत नाही. मी जात नाही तिथं.

ऑगस्टात सगळ्यांच्या बागा रिकाम्या झाल्या.
सप्टेंबरात ट्रक परत गेले.
म्हातारा अजून आंबट.
ऑक्टोबरात, बोंडं पांढरी फुटली तेव्हा
याच्या सालीनं रंग धरला, जवळजवळ शाई.
ओळीला दोनच क्रेट.
साखर चोवीस, आम्ल ताठ.
म्हटलं, एक खाऊन तर बघा, मणी आहे, दारू नाही.
तिनं खाल्ला. बिया तळहातावर काढल्या, मोजल्यासारख्या बघितल्या.
‘तुरट,’ म्हणाली, ‘माझ्या सासूसारखा.’
आणि आणखी एक तोडला.

पुढच्या एप्रिलात मी तिच्या स्वयंपाकघरात होते
तेव्हा फोन वाजला. विल्मर.
टाकी भरून उभा होता, विचारत होता,
तुझ्याकडे वारा कुठला आहे.
ती दार उघडून बाहेर गेली,
बोट ओलं करून वर धरलं.
‘आज नको,’ म्हणाली. ‘डोळे फुटलेत.’
इंग्रजीत ते वाक्य भलतंच लागतं.
त्यानं काही विचारलं नाही.
पलीकडे इंजिन बंद झाल्याचं
मला टेबलापर्यंत ऐकू आलं.