निळी

नाताळची सुट्टी लागली की
आमच्याकडे आधी माळा उतरतो.
म्हणजे माळ्यावरची बॅग, तिच्यातले स्वेटर,
आणि डांबरगोळ्यांचा वास, पार जिन्यापर्यंत.
पारा एकोणीसवर, आणि अप्पा
माकडटोपीत शिरून विचारतात,
यंदा थंडी जरा जास्तच, नाही का?
दरवर्षी मी म्हणते, हो.

नणंद आलीय नाशकाहून, तिची दोन पोरं.
खऱ्या थंडीतून आलेली ती, अर्ध्या चड्डीत
कन्नमवार नगरच्या गल्ल्या पालथ्या घालतात,
खाडीवर रोहित बघायला कधी जायचं, विचारतात.
पंखा लावायचा की नाही
यावरून रात्री अकराला भांडण.
कुणीतरी उठून एकवर करतं,
कुणीतरी उठून बंद,
पहाटेपर्यंत कुणी कुणाला पकडत नाही.

समोरच्या डाबरेबाईंनी ताट पाठवलं,
नेवऱ्या, कुलकुल, केकचा काळा जाड तुकडा.
केक त्याच रात्री संपला.
ताट मात्र रिकामं कसं परत द्यायचं,
म्हणून चार दिवस ते फ्रिजवर,
आणि मी रोज म्हणते, उद्या वड्या करू.

एकोणतीसला वाण्याने नवं कॅलेंडर दिलं,
रबर लावून गुंडाळलेलं.
उलगडावं तर पुन्हा स्वतःत शिरतं.
चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या,
तेव्हा कुठे जानेवारी आडवा पडला.

हे काम माझं.
जुन्यावरून नव्यावर उतरवायचं:
वाढदिवस, विम्याचा हप्ता, सोसायटीची मीटिंग,
सासूबाईंची तिथी (ती शोधावी लागते,
दरवर्षी सरकून बसते).
दुधाचे खाडे उतरवत नाही.
गॅस लावल्याच्या तारखा नाही.
एप्रिलात अप्पांची साखर, तीन आकडे, खाली दोन रेघा.
मेमध्ये ‘मृण्मयी निकाल’, पुढे काही नाही,
तेव्हा लिहावंसं वाटलं नव्हतं.
ऑगस्टात सलग नऊ दिवस दूध नाही.
आपण कुठे गेलो होतो?
कुठेच नाही. दूधवाल्याचा मुलगा आजारी होता.
त्याचं पुढे काय झालं
विचारायचं राहूनच गेलं.

आणि अठरा जून, बुधवार:
‘निळी’.
नुसतं निळी. अक्षर माझंच,
वेलांटी घाईत टेकवलेली, भाकरी तव्यावर असताना टेकवतात तशी.

दिगंबर म्हणाला, साडी असेल, फॉलला दिलेली.
नणंद म्हणाली, नीळ आणायची असेल गं, अप्पांच्या सदऱ्यांना.
मोबाईलमधून डोकं न काढता मृण्मयी:
निळी वही. मी मागितलेली. तू विसरलीस.
धाकटा भाचा म्हणाला, निळी बस, मामी,
आणि खुर्च्या ओळीने लावून ती सुरूही केली.
अप्पा उशिरा बोलले, टोपी कानावरून वर करून:
फाईल. केईएमची. निळी होती ना ती?
कुणी काही म्हटलं नाही.
बस तेवढी चालू राहिली.

रात्री ओट्यापाशी एकटी उभी राहिले तेव्हा वाटलं,
त्या दिवशी केवढी खात्री होती मला
की हे काही आपण विसरणार नाही!
म्हणून नाम लिहिलंच नाही,
नुसतं विशेषण ठेवून
फोडणीकडे वळले.

साडी मला निळी नाही.
वहीचं मृण्मयीला विचारायला हवं पुन्हा, नीट, एकटीला.

पेन्सिल घेतली.
नव्यावर अठरा जूनला गुरुवार आहे.
त्याच्या चौकटीत, एका कडेला,
दुसरं काही लिहायला जागा ठेवून,
लिहिलं: निळी.

आत कुणीतरी उठलं, पंखा एकवर केला.
जुनं अजून खिळ्यावरच आहे.
दोन दिवस उरलेत त्याचे,
आणि उद्याचं दूध यायचंय.