मोठा मणी

हनुवटी इथं. कपाळ पट्टीला टेकवा.
हिरव्या फुलीकडे बघा, पापणी मिटू नका.
बडोद्यात, रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
काळा कागद डकवलेल्या खिडकीपाशी
रोज तीस-चाळीस जणांना मी हेच सांगते. गुजरातीत.
क्वचित मराठीत, दांडियाबाजारातलं कुणी आलं तर.

मग पडद्यावर येते डोळ्याची पाठ.
जर्दाळूच्या रंगाचं एक बिंब:
नजरेचे सगळे धागे इथं गोळा होऊन
मेंदूच्या वाटेला लागतात.
मधोमध फिकी वाटी.
वाटी रुंदावली, काठ झिजला,
की कागदावर लाल रंग. काचबिंदूचा संशय.

इमामभाई सीदी पहिल्यांदा आले त्याला तीन वर्षं झाली.
वय एक्कावन्न, गाव रतनपूर, शाळेची बस चालवतात.
यंत्राला आधी वंश सांगावा लागतो.
मी यादी उघडली, वाचून दाखवली,
ते हसले. “भरूच जिल्लो लखो ने, बेन.”
पूर्वज दर्या ओलांडून आलेले,
किती पिढ्यांमागे, ते डोंगरावरच्या पीरबावाला ठाऊक.
केसांकडे बघून माझं बोट ‘आफ्रिकी’वर थांबलं,
बोलणं ऐकलं तर माझ्यापेक्षा चोख गुजराती.
‘भारतीय’ दाबलं.
दोन्ही खरं आहे असं सांगायला
त्या यादीत जागा नव्हती.

यंत्राने त्यांचं बिंब
कुठल्याशा शे-दोनशे अनोळखी डोळ्यांशी ताडून पाहिलं
आणि लाल छापलं.
तेव्हाचे डॉक्टर घाईत होते.
दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एक थेंब,
जन्मभर.
बाटलीचे चारशे रुपये ते मोजत राहिले,
बाटली बसच्या मालकापासून लपवत राहिले.
आंधळा होणाऱ्याच्या हाती
पोरं कोण सोपवेल?

या मार्चमध्ये अमीन मॅडमनी
उजेडाची बारीक फट टाकून आधी बिंबच मोजलं.
उभं, सव्वादोन मिलिमीटर.
मग काठ पाहिला: खाली जाड, वर जाड, गुलाबी, शाबूत.
बाजूच्या दृष्टीची जुनी तपासणीही काढली,
प्रत्येक दिव्याला इमामभाईंनी बटण दाबलेलं.
“बिंब मोठं आहे,” त्या म्हणाल्या.
“काही लोकांत ते मोठंच असतं. धागे काठाला बसतात,
मधे जागा उरते. ती झीज नव्हे.”

इमामभाईंनी खिशातून अकीकाचा मणी काढला,
मामाने घासलेला, तांबूस, वर्तुळात वर्तुळं.
“मोठा मणी, मोठं भोक.
म्हणून कुणी मणी फुटला म्हणत नाही, बेन.
बोट फिरवून काठ बघतात.”

अमीन मॅडम मण्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.
मग लिहिलं: थेंब बंद. सहा महिन्यांनी पुन्हा.
पुन्हा, कारण डोळ्याच्या बाबतीत
शेवटचा शब्द कुणी लिहीत नाही.
तीन वर्षांमागे मी काय दाबलं होतं
ते मी बोलले नाही. कुणी विचारलंही नाही.

बाहेर, पैसे भरायच्या खिडकीशी, त्यांनी विचारलं,
त्या बिंबाने दिसतं तरी काय?
काहीच नाही, मी म्हटलं. नेमकं तिथंच दिसत नाही.
डावा डोळा झाका. समोर त्या घड्याळाकडे बघा.
मणी हात लांब करून उजवीकडे सरकवा, सावकाश.
“गयो!” मागच्या बाकावरची म्हातारी दचकली.
हात सरकत राहिला.
बऱ्याच वेळाने: “आव्यो.”

मग मणी माझ्या तळव्यावर ठेवला.
माझाही गेला. माझा जरा लवकर परतला.

“तमारुं केवडुं, बेन?”
यंत्र नवं आलं तेव्हा, शिकायला म्हणून,
मी स्वतःचाच डोळा लावला होता.
हिरवं आलं.
वंशापुढे काय दाबलं होतं,
कुणाशी ताडलं त्याने मला,
आता आठवत नाही.