शुद्धिपत्र

जौलियांच्या पायऱ्या चढताना दोनदा बसलो.
खाली कालवा, पलीकडे खानपूरच्या लुकाटाच्या बागा,
हंगाम नुकताच सरलेला,
टोपल्या पालथ्या घालून वाळत ठेवलेल्या.

वर जहानदाद, हातात किल्ल्यांचा जुडगा.
तीन महिन्यांचा पगार थकलाय
हे त्याने सलाम-दुआच्या आधीच सांगितलं.
"कोरियाचे येतात, थायलंडचे येतात.
लाहोरचा माणूस एकटा येत नाही. आपण काय करता?"
उर्दू बाजारात छत्तीस वर्षं प्रूफं वाचली.
"म्हणजे लिहिता?"
नाही. दुसऱ्याने लिहिलेलं नीट आहे का, ते बघतो.
बघायचो.

त्याने कुलूप काढलं.
छपराखाली चुन्याचे बुद्ध, बहुतेकांना डोकी नाहीत.
एकाच्या बेंबीत भोक.
"बोट घाला. जिथे दुखतं त्याचं नाव घ्या."
गुडघा, म्हणालो.
खरं तर डोळे म्हणायला हवं होतं.
आत गार होतं, गुळगुळीत,
माझ्या आधीच्या बोटांनी घासलेलं.

मग मठ. मधोमध कोरडं टाकं,
चारी बाजूंनी कोठड्या, भिंतीत दिव्याचा कोनाडा
आणि खिडकी इतकी लहान
की उजेडाने अंग चोरून यावं.
इथे एक सांगत असेल, दहा लिहीत असतील.
आणि कोपऱ्यात कुणीतरी, डोळे बारीक करून:
काना राहिला, मात्रा गेली, ओळ दोनदा आली.
त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही.
त्यात वाईट वाटायचं कारण नाही. आमच्या धंद्यात
चूक सापडली तरच आम्ही आठवतो.

"मग आग लागली," जहानदाद म्हणाला,
जशी काल, चुलत्याच्या घराला.
पोथ्या गेल्या. भूर्जपत्रांचा एक गठ्ठा मिळाला म्हणे,
अर्धी ओळ, मग काळं, मग अर्धी ओळ.
काही मूर्ती मात्र कच्च्या मातीच्या होत्या,
दोन-चार पिढ्यांच्या पावसात विरघळल्या असत्या.
त्या आगीने भाजून काढल्या.
हे तो रोज सांगत असणार; तरी इथे थांबला,
किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

एका कोठडीत त्याची मुलगी, मिस्बाह.
सोमवारी केमिस्ट्रीचा पेपर.
घरी टीव्ही, घरी भाऊ. इथे कुणी नाही.
तिच्या हातातलं गाईड मी लांबूनच ओळखलं:
हिरवं कव्हर, आमचा छापखाना, माझी शेवटची वर्षं.

"मातीचं विचारा तिला," बाप म्हणाला.
ती पुस्तकात न बघता, घडाघडा:
तापवली की आधी वरचं पाणी जातं,
मग आतलं, कणाकणात बांधलेलं, सहाशे अंशांच्या आसपास;
ते गेलं की माती पुन्हा चिखल होत नाही,
कितीही भिजवा.

पान मागून घेतलं.
छापलं होतं: साठ.
आमच्या लिपीत शून्य म्हणजे नुसतं टिंब,
माशी बसून उडावी एवढं. दोन हवी होती.
एक मी जाऊ दिलं होतं.
साठ अंशांवर चहासुद्धा होत नाही.

पण पुढे पेन्सिलीचं टिंब होतं,
इतकं दाबून काढलेलं की कागद पाठीमागे फुगला होता.
कुणी सांगितलं?
"सांगायला कशाला हवं? साठाने माती भाजली असती
तर जूनमध्ये आमच्या अंगणाची वीट झाली असती."
पुस्तक परत घेत म्हणाली, "छापणारे झोपतात."

हो, म्हणालो. झोपतात.
त्या वर्षी पाच हजार प्रती, वर दुसरी आवृत्ती.
कुठल्या कुठल्या खोलीत, कुठल्या दिव्याखाली
साठ लिहून कोण कोण पास झालं असेल,
मी मोजायला लागलो, आणि सोडून दिलं.

उतरताना जहानदादने दंड धरला.
"गुडघा?"
तसाच आहे.
"वेळ लागतो."
वरून तिचा आवाज येत होता, पुढचा धडा.
एका शब्दाशी अडखळली, थांबली,
आणि पुन्हा पहिल्यापासून.