भिंग

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
नोटा उजेडाला धरल्या मी.
म्हणून भद्रकालीतला युनूस अत्तार
रद्दीतलं काही निघालं की घेऊन येतो.
"काका, खरी आहे का बघा.
पुण्याचं गिऱ्हाईक आठ हजार म्हणतंय."

कवितासंग्रह. पहिली आवृत्ती, किंमत दोन रुपये.
कसरीनं कडा खाल्लेल्या.
आत निळ्या शाईत कवीची सही,
खाली 'नाशिक' आणि तारीख.

खरी सही घाईत असते,
तिला मागून कुणीतरी हाक मारलेली असते.
ही थांबत थांबत आलीय.
वेलांटीच्या वळणावर शाई साचलीय,
अनोळखी गल्लीत माणूस थबकतो तशी.

खोटी, म्हणणारच होतो.
सहज पानं चाळली.
एकेचाळिसाव्या पानाच्या समासात, पेन्सिलीनं:
'हे मी कुणाला कधी बोलले नाही.'
तीच वेलांटी.
तेच थबकणं.
पुढे एका ओळीखाली रेघ, इतकी दाबून
की मागच्या पानावर उमटलीय.

कवी त्या तारखेला आलाच नसेल गावात.
किंवा आला असेल,
आणि हिला घरातून निघता आलं नसेल.

प्रेसमध्ये बाद नोटेचा चुरा व्हायचा.
विचार करायचं काम नव्हतं.

"सही कवीची नाही," मी म्हणालो.
"आठ हजार विसर."
"मग रद्दीच?"
भिंग पुसत बसलो जरा वेळ.
"दोनशेला मला दे."

उत्तर आलं नाही.
युनूस एकेचाळिसावं पान
उभ्याउभ्याच वाचत होता.