चौदा टप्पे, वर एक किलोमीटर

द्वारका बेलसरे, वरुड डेपो, आता निवृत्त.
चोवीस वर्षं मुलताईच्या गाडीवर घंटी मारली
आणि म्हणते, अलास्काले जाईन.
तेही विमानानं नाही.
"ढगातून गेलं त त्याले जाणं म्हंतेत का रे?
टप्पाच नाही पडत एकही."

कोऱ्या वेबिलांचं एक बंडल उरलेलं तिच्याजवळ.
त्यांच्या पाठीवर ती जमीन मोजते,
सहा किलोमीटरला एक टप्पा:
मुलताई, गोरखपूर, काठमांडू, ल्हासा.
पुढची नावं थांबे पुकारावेत तशी मोठ्यानं वाचते,
उलान उदे, याकुत्स्क, मगादान,
आणि माझ्या कोल्ड स्टोअरेजपुढं संत्रा उतरवणारी पोरं
पिशव्या सावरत उतरायचं सोंग करतात.
ती सुटे मागते त्यांना.

गाडी मुनीरमियाँची, आंबिया बहाराचा माल वाहिलेली.
हौद्यातून अजून सालीचा वास येतो.
मुनीर म्हणतो, तिकडं डिझेल तुपासारखं थिजते,
इंजिन रात्रीही बंद नाही कराचं.
"मंग पाळीनं जागू," ती म्हणते,
"ओलिताले जागत नाही का आपण,
रात्री दोनची लाइट आली का?"
मुनीरच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.
ती त्याला बर्फाचा सराव म्हणते.

मगादानच्या पुढं सलग रस्ता नाही, हे मी शोधून सांगितलं.
वाटलं होतं, इथं गप्प बसेल.
हिवाळ्यात नद्या गोठतात,
लोक त्यांच्यावरूनच ट्रक हाकतात, म्हटलं.
"मंग आपल्या चुडामणीसारखंच झालं की.
आपली आटली का पात्रातून बंडी जाते,
त्याईची गोठली का."
आणि वेबिलावर नदी लिहून
तिनं भाडं लावलं साध्या रस्त्याचंच.

मग पाणी आलं.
आशिया संपते तिथून अमेरिका लागते तिथवर पंच्याऐंशी किलोमीटर,
धड गोठतही नाही, बर्फ नुसता वाहत असतो.
"चौदा टप्पे, वर एक किलोमीटर," ती म्हणाली,
आणि पेन खिशाला लावलं.
आठ दिवस आली नाही.

नवव्या दिवशी आली ती बेटांवरून भांडत.
मधोमध दोन बेटं, त्यांच्यात चारच किलोमीटर,
पण एकावर आज असते आणि दुसऱ्यावर काल.
"एक टप्पाही नाही पुरा, अन् तारीख मागं?
तिकिटावर कोणती टाकाची सांग.
चेकर चढला त मी काय दाखवू?"
खरोखर चिडली होती.
मी म्हटलं, चेकर नसतो तिथं.
तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली
जशी विनातिकीट माणसाकडं टाकत असेल.

काल दुपारी बाहेर सेहेचाळीस होतं.
तिला तीन नंबरची खोली हवी होती, वाटाण्याची, उणे अठरा.
दोन स्वेटर, पोराचं जर्किन, पायांना गोणपाट.
याकुत्स्कले उणे पन्नास, म्हटलं, ते कुठून आणू?
"अर्ध्याची सवलत धर," म्हणाली, "ज्येष्ठ नागरिक हावो."
ठरलं असं, की आतून दारावर
एक ठोकली तर थांबवायचं, दार उघडायचं.
दोन ठोकल्या तर चालू दे.

दहा मिनिटांनी मी कडीवर हात ठेवला.
कॉम्प्रेसर गुरगुरत होता, टेम्पो रात्रभर चालू ठेवावा तसा.
पोरं क्रेट टाकून दाराशी उभी राहिली,
कोणी हसलं नाही.

टण्.
मी कडी ओढणारच होतो.

टण्.