अठ्ठावीस दिवस

मोनालीला जागा मिळाली, स्कॉटलंडला,
गोड्या पाण्यातल्या जीवांच्या अभ्यासासाठी.
बाबा म्हणाला, गोडं पाणी शिकायला एवढ्या दूर?
आपला तलाव काय खारा आहे?
स्वतःच हसला.
मग हसू आवरून विचारलं, किती लागतात?

फी शिष्यवृत्तीतून भागली.
तिच्यासाठी अर्जुनीच्या तहसिलातून दाखला काढला होता
की आमच्याजवळ काही नाही.
आता व्हिसासाठी दुसरा कागद,
की आमच्याजवळ पुरेसं आहे.
दोन्हींवर बाबाची तीच सही,
ताराचंद मारबते,
शेवटचा 'ते' ओळीखाली घसरलेला.

नियम असा:
राहण्याखाण्याचे बारा लाख सत्तर हजार
खात्यात सलग अठ्ठावीस दिवस पडून राहिले पाहिजेत.
मध्ये एक दिवस जरी कमी भरले
तर मोजणी पुन्हा एकपासून.

चिचटोल्यात बँक म्हणजे मीच.
ग्रामपंचायतीच्या पडवीत माझं टेबल,
अंगठ्याचं यंत्र, पासबुक छापायचं यंत्र,
पंखा लागला तर लागला.
कोणाच्या नावावर किती ते मला पाठ आहे,
आणि कोणाचा अंगठा खवलं काढून काढून
इतका गुळगुळीत झाला
की यंत्र त्या माणसाला ओळखतच नाही, तेही.

सात लाख शिक्षणाचं कर्ज.
मच्छीमार सोसायटीने ठराव घेतला, अडीच लाख;
रुषी नान्हेने विरोध केला, मग सर्वांत आधी सही केली.
मामाने धानाचा चुकारा दिला.
बचत गटाने दिले, आईच्या डोरल्याने दिले.
शेवटचे चाळीस हजार पार्बता मावशीचे,
मळक्या पदराच्या गाठीतून.
म्हणाली, वापस पाहिजेत बरं.

त्या रात्री मी आकडा तीनदा पाहिला.
सात आकडी रक्कम आमच्या आडनावासमोर
पाहुण्यासारखी अंग चोरून बसली होती.

लोक रोज यायचे.
आहेत का? आहेत.
एकाने विचारलं, वाढले का?
नुसतं पडून राहायचं आहे त्यांना, मी म्हणायची,
आणि त्यांना ते पटायचं.
बोटुकल्या सोडलेल्या पाण्यात
कोणी जाळं घेऊन उतरत नाही,
हे चिचटोल्यात पोरांनाही सांगावं लागत नाही.

एकोणिसाव्या दिवशी पार्बता मावशी आली.
नातवाला गोंदियाला भरती केलं होतं, झटके येत होते.
बाकावर बसली. पाणी प्यायली.
मागितलं काहीच नाही.
सवयीने अंगठा यंत्रावर ठेवला,
आपले पैसे आपल्या खात्यात नाहीत
हे माहीत असून.

मी म्हटलं, मावशी, सर्व्हर डाऊन आहे.

पंखा चालू होता. स्क्रीन चालू होता.
मागच्या माणसाचं पासबुक
यंत्रातून करकरत बाहेर येत होतं.
ती त्या आवाजाकडे पाहत राहिली.
मग म्हणाली, असू दे व बाई,
असते कधी कधी.

पुढचे नऊ दिवस
मी तिच्या घराकडचा रस्ता टाळला.

एकोणतिसाव्या दिवशी स्टेटमेंट छापलं,
मोनालीने ते पाठवलं,
आणि चाळीस हजार घेऊन मी निघाली.
तिच्या अंगणात चार खुंट्यांना चार दावी होती,
बकरी एकही नव्हती.
आत नातू भिंतीला टेकून मुरमुरे खात होता.
मी तोंड उघडायच्या आधी तिनेच विचारलं,

गेली का मोना?
नाही मावशी, अजून कागदच गेलेत.
जाऊ दे, कागद पयले जातेत,
वाट पाहून येतेत.

मग नोटा मांडीवर घेतल्या,
जिभेवर अंगठा ओला केला, तोच अंगठा,
आणि मोजता मोजता,
वर न पाहता:
आला का व बाई तुजा सर्व्हर?

आला, मी म्हटलं.
ती सदतीसवर थांबली होती.
पुन्हा एकपासून मोजू लागली.