तिसरा फोन

पहिला फोन मी आठव्या दिवशी केला.
जाहिरातीत लिहिलं होतं, आठ दिवसांत कळवू,
आणि मी अकरा वर्षं दवाखान्याच्या बिलिंगला काढलेली,
आठ म्हणजे आठच मोजणारी.

"मी रेहाना शिकलगार, मिरजेहून.
डिस्पॅच क्लार्कच्या जागेसाठी अर्ज दिला होता."
पलीकडे मार्केट यार्डाचा गलका,
कुणीतरी ओरडतंय, राजापुरी इकडं टाक, सेलम तिकडं,
मग एक मुलगी शिंकली आणि म्हणाली,
"साहेब गोडाऊनला गेलेत."

बोलायचं वाक्य मी आधी वहीत लिहिलं होतं:
आठवण करून द्यायला फोन केला.
मग खोडलं.
आठवण त्याला करून देतात
ज्यानं एकदा तरी पाहिलेलं असतं.
मला तिथं फक्त वॉचमननं पाहिलंय.
त्यानं पाकीट हातावर तोललं,
म्हणाला, ठेवतो.
कुठं, ते विचारायचं राहून गेलं.

दुसरा फोन पंधराव्या दिवशी.
साहेब सौद्यात होते.
अब्बा सांगतात, पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा,
बोटं दाबून,
बघणाऱ्याला भाव कळायचा नाही.
आता सगळं उघड्यावर झालं म्हणे.
माझा तेवढा अजून रुमालाखाली.

भाचा म्हणाला, खाला, ईमेल टाक. इंग्रजीत.
त्यानंच लिहून दिली.
पहिल्याच ओळीत साहेबांच्या तब्येतीची विचारपूस.
मी म्हटलं, अरे, मला जागेचं विचारायचंय,
त्यांच्या तब्येतीशी माझी कुठं ओळख?
"असंच असतं," म्हणाला.
असंच असतं तर असू दे. टाकली.

शाळेत भोपळा म्हणजे शून्य.
आमच्या घरी भोपळ्यावर चूल पेटते,
माळ्यावर ओळीनं वाळत असतात, सतारीसाठी,
पोटं वर करून निजलेल्या पाव्हण्यांसारखे.
"वाळला ते कसं कळतं, अब्बा?"
"पेरानं वाजवायचा. कान द्यायचा. ठेवून द्यायचा."
"आणि रोज वाजवला तर?"
"त्यानं काय तो लवकर वाळत नाही.
तुझं पेर तेवढं दुखेल."
मग बराच वेळ लाकडावर नुसती पॉलिश चोळत राहिले.
मग म्हणाले,
"पण वाजवायचाच नाही, असंही करू नको.
मागच्या साली एक आतनं कुजला.
वरून सोन्यासारखा होता."

तिसरा फोन. बाविसावा दिवस.
मी नुसतं "हॅलो" म्हटलं, आणि तिकडून,
"शिकलगार मॅडम ना?"

दवाखाना बंद झाल्यापासून
मला मॅडम कुणी म्हटलं नव्हतं.
वहीतलं वाक्य वहीतच राहिलं.

तिनं आवाज खाली घेतला.
"तुमचा अर्ज माझ्या टेबलावरच आहे.
मी रोज सकाळी गठ्ठ्यातनं वर काढून ठेवते.
संध्याकाळपर्यंत त्याच्यावर बिलं येतात,
पावत्या येतात, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका येतात.
परत काढते.
परवा, काल तेवढं राहिलं. मी नव्हते.
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, तुमच्या मिरजेतच."

मला 'थँक्यू' म्हणायचं होतं.
म्हणाले, "कुठल्या दवाखान्यात?"
मग, "बिल नीट तपासून घे हं,
औषधांची ओळ दोनदा लागते कधीकधी."
ती हसली.
नाव सुप्रभा मगदूम. कवठेपिरानहून रोज बसनं येते.
साहेबांचं काय, ते मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.
ठेवताना म्हणाली, "सोमवारी कराल ना?"
जसं घरी कुणी यायचं असावं.

रात्री वही उघडली.
सोमवार, असं लिहिलं. अकरानंतर.
खाली दोन मुद्दे:
जागेचं काय झालं.
त्याच्या वर, जागा नव्हती तरी बारीक अक्षरात घुसवून,
आईचा गुडघा कसा आहे.